खरूज म्हणून सोडून देऊ नका

(संघटनेच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलली तसंच लिहून काढलं आहे. पाड्यावर वाचून दाखवावं.)

बसा. मागच्या बायांनी पोरं घेऊन जरा पुढे या. आज मला तुमच्यापेक्षा पोरंच जास्त बघायची आहेत.

काल दिवसभर आपण प्लॉटवर बोललो. दंडाच्या पावत्या कोणाकडे आहेत, कोणाच्या उंदराने खाल्ल्या, कोणाच्या पावसात भिजल्या, सगळं झालं. आज सकाळी मला सांगितलं की पोरांच्या कातडीच्या आजारावर बोल. ते ऐकून दोन-तीन भाऊ हसले, मी बघितलं. जमिनीची लढाई सोडून ही खरूज कुठून आणली, असं त्यांना वाटलं असणार. तीन वर्षांपूर्वी मीही हसले असते. तेव्हा काय झालं ते आधी सांगते.

माझी बहीण आणि भावजी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. तुमच्यातले अर्धे जातात. वैशाखात परत आले तेव्हा त्यांच्या पोराच्या, चार वर्षांचा होता, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर आणि ढुंगणावर बारीक पुळ्या होत्या. भट्टीवर एका झोपडीत सात माणसं, एक वाकळ. खरूज लागणारच. रात्री पोरगं खाजवून खाजवून रडायचं. नखं वाढलेली, नखात माती. आठ दिवसांत पुळ्यांचे पू भरलेले फोड झाले, वर पिवळ्या खपल्या आल्या, माशा बसायला लागल्या. बहीण त्याला घेऊन पाच मैल चालत दवाखान्यात गेली. टेबलामागच्या माणसाने पोराला हात लावला नाही. लांबूनच म्हणाला, खरूज आहे, रोज आंघोळ घालत जा. औषध नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. आमच्या पाड्यावर तेव्हा पाणी किती? झऱ्यावर वाटीने भरायचं, रात्री दोनला उठून नंबर लावायचा. चांगला झरा होता तो कुंपणाच्या आत गेला. कुंपण कोणी घातलं ते मी सांगायला नको.

मग पेरणीच्या तोंडावर आपला तहसीलवर मोर्चा ठरला. आदल्या दिवशी बहीण म्हणाली, "बाय, याचे डोळे सकाळी सुजल्यासारखे दिसतात." मी बघितलं. गाल भरलेले, डोळ्याखाली फुगलेलं. मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, "अंगाने भरला गं, भट्टीवर वाळला होता, आता बरा दिसतो. मोर्चा होऊ दे, मग बघू." फोडही सुकत आले होते. बारावी शिकलेली पोर मी. माझंच ऐकणार ना बहीण.

मोर्चावरून रात्री परत आलो तर पोराला ओकारी, डोकं दुखतंय म्हणून रडतंय. बहीण सांगते की सकाळपासून एकदाच मुतला, तेही थोडंसं, कोऱ्या चहासारखं. पहाटे त्याला फिट आली. झोळी करून रस्त्यापर्यंत नेला, तिथून दुधाच्या गाडीतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "याला अंगावर पुवाचे फोड कधी आले होते?" बहीण म्हणाली, तीन आठवडे झाले. त्या म्हणाल्या, त्या फोडांतून याची किडनी सुजली, रक्ताचा दाब वाढला, म्हणून फिट.

पोरगा वाचला. आता शाळेत जातो. पण त्या पाच रात्री मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून जे शिकले ते तुम्हाला व्हरांड्यात न बसता कळावं, म्हणून मी बोलते आहे.

आता खरूज म्हणजे काय ते नीट ऐका. हा एक किडा असतो, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही इतका बारीक. त्याची मादी कातडीत बीळ करते, आपण बांधावर उंदराचं बीळ बघतो तसं, आणि त्यात अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. माणसाला पहिल्यांदा खरूज लागते तेव्हा खाज लगेच येत नाही, चार ते सहा आठवडे जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. घरात एकाला खाज असते, बाकीचे म्हणतात आम्हाला काही नाही. त्यांच्या अंगातही किडा बसलेला असतो, खाज उठायची बाकी असते एवढंच. मग एकालाच औषध लावतात, तो बरा होतो, आणि महिन्याने घरातल्यांकडून त्यालाच परत लागते. मग म्हणतात, औषधात दम नाही.

ओळखायची कशी? खाज रात्री वाढते, अंथरुणात अंग गरम झालं की. मोठ्या माणसाला बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, कमरेला, नाजूक जागी, बायांना छातीला. तान्ह्या पोराला मात्र वेगळं असतं. त्याला तळहाताला, तळपायाला, डोक्यावर, तोंडावरसुद्धा पुळ्या येतात. म्हणून तान्ह्याचे तळपाय उलटून बघा. पोर नुसतंच किरकिर करतं, दूध नीट पीत नाही, झोपत नाही, आणि आपण दृष्ट काढत बसतो. दृष्ट काढायची तर काढा, पण आधी तळपाय बघा. घरात आणखी कोणी खाजवतंय का, तेही विचारा. एका घरात दोघे-तिघे रात्री खाजवत असतील तर दुसरं काही शोधायला नको.

औषध सांगते. पांढरं दुधासारखं औषध बाटलीत मिळतं, बेन्झिल बेन्झोएट नावाचं. बाटलीवर २५ टक्के लिहिलेलं असतं. मोठ्या माणसाला तसंच लावायचं. पोराला लावताना जेवढं औषध तेवढंच उकळून गार केलेलं पाणी घालायचं. तान्ह्याला लावायची वेळ आली तर एक भाग औषध आणि तीन भाग पाणी, आणि तेही नर्सबाईला दाखवून, कारण तान्ह्याची कातडी पातळ असते. अगदी लहान, अंगावरचं पिणारं पोर असेल तर मी म्हणेन गंधकाचं मलमच बरं. व्हॅसलिनच्या वीस भागांत एक भाग गंधकाची बारीक भुकटी, नीट घोटून. मोठ्या पोराला दहा भागांत एक भाग. तीन रात्री लागोपाठ लावायचं. वास येतो, कपडे पिवळे होतात, पण चालतं आणि स्वस्त आहे.

लावायचं कसं? इथेच लोक चुकतात. जिथे पुळ्या दिसतात तिथे बोटभर लावतात. तसं नाही. मानेपासून पायाच्या नखापर्यंत, इंचभरही सोडायचं नाही. बेचके, नखाखाली, बेंबी, ढुंगणाची घडी, सगळीकडे. तान्ह्याला डोक्याला आणि तोंडालाही, फक्त डोळे आणि ओठ सोडून. आणि त्याच्या हाताला औषध असेल तर हात तोंडात घालणार, म्हणून हाताला फडकं गुंडाळा. एका मोठ्या माणसाला साधारण सहा चमचे औषध लागतं. संध्याकाळी लावा, मोठ्यांनी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ठेवा, तान्ह्याचं मात्र सकाळी धुऊन काढा. मोठ्यांनी दुसऱ्या दिवशी परत एकदा लावा आणि आठ दिवसांनी आणखी एकदा. औषध लावल्यावर पंधरा दिवस थोडी खाज राहते. किडा मेला तरी कातडी चिडलेली असते. म्हणून घाबरून रोज रोज औषध थापू नका, कातडी भाजून निघेल.

कपड्यांचं काय? पुस्तकात लिहिलेलं असतं की सगळे कपडे उकळा. उन्हाळ्यात आपल्याकडे प्यायला पाणी नाही, वाकळ उकळणार कशात? पण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच जगतो. म्हणून अंगावरचे आणि पोराचे रोजचे कपडे तेवढे गरम पाण्यातून काढा. वाकळ, गोधडी, घोंगडी गाठोड्यात किंवा खताच्या प्लास्टिकच्या गोणीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. गोणी धुतलेली हवी. किडा उपाशी मरतो. याला थेंबभर पाणी लागत नाही. ही गोष्ट त्या टेबलामागच्या माणसाने बहिणीला सांगितली असती तर दोन मिनिटं लागली असती.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. खाज असो नसो. म्हातारी, कुडाशेजारी निजणारा गडी, आश्रमशाळेतून सुट्टीला आलेलं पोर, पाहुणा, सगळे.

आम्ही आमच्या पाड्यावर हे दोनदा केलं. पहिल्यांदा फसलं, ते आधी सांगते. तेहतीस घरं. आम्ही बाटल्या आणल्या, प्रत्येक घरात दिल्या आणि सांगितलं, आज रात्री लावा. संपलं आमचं काम, असं वाटलं. महिन्याने बघते तर निम्म्या पाड्यावर परत खरूज. घरोघर फिरले तेव्हा कळलं. दोन घरांतली माणसं मजुरीला गेली होती, चार दिवसांनी आली. एका घरात सासऱ्याने सांगितलं, आमच्यात असली घाण नाही, आणि बाटली आढ्याला खोचून ठेवली. तीन घरांत फक्त पोरांना लावलं, बापाने लावलं नाही, कारण नाजूक जागी जळजळतं असं त्याला कोणी सांगितलं होतं. जळजळतं थोडं, खोटं कशाला सांगू. पण बाप लावणार नसेल तर पोराला लावून उपयोग नाही.

दुसऱ्या वेळी होळीला केलं. होळीला भट्टीवरचे लोक पाड्यावर येतात, सगळे असतात. दुपारी बैठक घेतली, आणि बाटल्या घरात न देता सगळ्यांना एका खळ्यावर बोलावलं. गडी एकीकडे कुडाआड, बाया एकीकडे. मी आणि सुईण आजीने बायापोरांना स्वतःच्या हाताने लावलं. त्या सासऱ्याला त्याच्याच वयाच्या एका म्हाताऱ्याने लावलं, काय बोलून समजावलं ते मला माहीत नाही. आठ दिवसांनी परत तेच. त्या पावसाळ्यात पाड्यावर पू झालेलं एकही पोर नव्हतं. भट्टीवर गेले की परत लागते, हे खरं आहे. म्हणून परत आल्यावर, अंथरूण एक व्हायच्या आधी, परत लावायचं. दरवर्षी राब भाजतो ना? तसंच हे दरवर्षीचं काम.

आता पू झालेल्या फोडांचं. फोडावर, उघड्या जखमेवर ते पांढरं औषध लावू नका, पोर आगीसारखं ओरडेल. आधी पू घालवायचा, मग खरजेचं औषध. पाणी उकळा, कोमट होऊ द्या, त्यात स्वच्छ फडकं भिजवून खपलीवर ठेवा, खपली मऊ पडली की हलकेच काढा, साबणाने धुवा. वर जांभळं औषध लावा, जी.व्ही. म्हणतात ते. दिवसातून दोनदा. पोराची नखं कापा. फडकं दुसऱ्या पोराला वापरू नका. चार-पाच फोड असतील तर एवढ्याने चार दिवसांत सुकतात. पण फोड खूप असतील, पसरत असतील, ताप असेल, काखेत किंवा जांघेत गाठ आली असेल, तर जांभळ्या औषधावर थांबायचं नाही. गोळ्या किंवा सुई लागते. गोळ्या पाच दिवसांच्या दिल्या तर पाचही दिवस द्यायच्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या पोराला द्यायच्या, हे आपल्याकडे फार चालतं.

आणि फोड सुकल्यावर महिना-दीड महिना पोराकडे लक्ष ठेवा. सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले आहेत का. लघवी कमी झाली का, चहासारखी किंवा मटण धुतलेल्या पाण्यासारखी आहे का. असेल तर त्याच दिवशी निघायचं. मीठ कमी करा, आणि मोर्चा असला तरी निघायचं. हे मी आज संघटनेच्या शिबिरात उभी राहून सांगते आहे.

आता आणखी काही खुणा सांगते. या दिसल्या तर घरी उपाय करत बसायचं नाही. महिन्याच्या आतल्या बाळाला पुवाचे फोड आले, किंवा बेंबीभोवती कातडी सुजली, लाल झाली, तर ते बाळ एका दिवसात हातचं जातं. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या पाड्यावर गेलं. नऊ दिवसांचं होतं. काखेत पाच-सहा फोड होते फक्त. आईने सांगितलं, काल दूध प्यायचं सोडलं, अंग गार पडलं. तान्ह्या बाळाला ताप यायलाच पाहिजे असं नाही, अंग गार पडणं हेही तेवढंच वाईट. दूध सोडलं, मान टाकली, हात-पाय लुळे झाले की फोड किती आहेत ते मोजायचं नाही, निघायचं. वाटेत अंगाशी धरून, फडक्यात गुंडाळून न्यायचं आणि पीत असेल तर दूध पाजत राहायचं.

दुसरं म्हणजे कातडी गरम, सुजलेली, आणि सूज तासातासाला पुढे सरकते आहे. कोळशाने किंवा पेनने सुजेच्या कडेला रेघ मारा. दोन-तीन तासांनी सूज रेघेच्या बाहेर गेली तर निघा. डोळ्याभोवती अशी सूज आली तर रेघ मारायलाही थांबू नका.

तिसरं, ताप आणि अंगावर जांभळे-काळे ठिपके. चहाचा काचेचा ग्लास ठिपक्यावर दाबा. दाबल्यावर ठिपका नाहीसा होत नसेल तर कातडीखाली रक्त उतरलं आहे. रात्र असली तरी गाडी बघा.

चौथं, कातडी भाजल्यासारखी सुटते आहे, सालपट निघतंय, किंवा कसली तरी गोळी घेतल्यावर अंगावर फोड आणि तोंडात, डोळ्यांत जखमा आल्या. ती गोळी बंद, आणि गोळीचा कागद बरोबर घेऊन दवाखान्यात.

इथे एक अडचण आहे, ती मला जिल्ह्याच्या दवाखान्यात कळली. भिंतीवर आजारांची चित्रं होती. सगळी गोरी पोरं, त्यांच्या अंगावर लालभडक चट्टे. आपली पोरं काळी-सावळी. आपल्या कातडीवर लाल हे लाल दिसत नाही. ते जांभळट, काळपट दिसतं, नाहीतर दिसतच नाही. म्हणून "लाल झालंय का" असं विचारलं की आया म्हणतात, नाही. तेव्हा डोळ्याने बघून थांबू नका, हाताच्या मागच्या बाजूने गरम लागतं का बघा. तळहात, तळपाय, पापणी खाली ओढून आतली बाजू, तोंडाच्या आत, तिथे रंग कळतो. आणि बाळाला बाहेर उजेडात आणा. कुडाच्या घरात चिमणीच्या उजेडात काही कळत नाही.

गोवराबद्दल थोडं. आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, डोळे लाल, नाक गळतं, मग कानामागून आणि कपाळावरून पुरळ सुरू होतं, खाली उतरतं. आपल्याकडे माता आली म्हणतात. माना, मी नको म्हणत नाही. पण पोराचं खाणं बंद करू नका, पाणी बंद करू नका, अंधारात कोंडून ठेवू नका. गोवराने पोर मरतं ते पुरळाने मरत नाही. श्वास लागून आणि जुलाबाने मरतं. छाती उडत असेल तर दवाखाना. तिथे अ जीवनसत्त्वाचा डोस मागून घ्या, आज एक आणि उद्या एक, नाहीतर डोळे जातात. आणि नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस टोचून घ्या.

आता ज्याला मलम नाही अशा कातडीबद्दल. काही पोरांची पावलं सुजतात, अंगठ्याने दाबलं की खड्डा राहतो. मांडीवर, ढुंगणावर काळे चट्टे येतात आणि जुन्या भिंतीचा रंग सुटावा तशी कातडी सुटते, खाली ओलं दिसतं. केस पातळ, तांबूस. पोर हसत नाही, नुसतं बसून राहतं. आया म्हणतात, इसब झाला. इसब नाही तो, भूक आहे. सुजेमुळे पोर भरलेलं दिसतं, मी फसले तशा तुम्हीही फसाल. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं गेली, तेव्हा पेपरात आलं, मंत्री आले. पोराला भूक लागत नसेल, सूज असेल, तर त्याला दवाखान्यात भरती करावं लागतं. एकदम खूप भरवून चालत नाही, थोडं थोडं, दिवसातून आठ वेळा, डॉक्टरांच्या नजरेखाली. पण भरती करून पोर परत कुठे येणार? प्लॉटवर नाचणी-वरई पेरू दिली नाही, पीक उपटलं, तर त्याच घरात परत तेच. म्हणून जे भाऊ सकाळी हसले त्यांना मी म्हणते की कालचा विषय आणि आजचा विषय मला तरी वेगळा करता येत नाही.

पांढऱ्या चट्ट्यांबद्दल एका बाईने काल विचारलं. पोरांच्या गालावर फिकट डाग खूप असतात, ते बहुतेक साधे असतात. पण अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा, खाजत नाही, घाम येत नाही, आणि डोळे मिटून कापसाने किंवा कोंबडीच्या पिसाने शिवलं तर पोराला कळत नाही, तर तो महारोग असू शकतो. लपवू नका. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या फुकट आहेत, पोराला घराबाहेर काढायची गरज नाही. लपवला तर हातापायाची बोटं जातात.

आमचे भगत काका समोर बसले आहेत, त्यांनी रागावू नये. करंजाचं तेल लावतात, लावू द्या, कातडी मऊ राहते, पू नसेल तर त्याने बिघडत नाही. पण पोराच्या अंगावर बिब्बा घालू नका, त्याने भाजतं, भाजलेलं पिकतं. पोटासाठी डाग देऊ नका. बॅटरीतला काळा मसाला, रॉकेल, मलेरियाच्या फवारणीवाल्यांची पावडर, पिकावरचं औषध, हे खरजेला लावलेलं मी स्वतःच्या डोळ्याने बघितलं आहे. हे विष आहे. पोराच्या कातडीतून आत जातं. काकांनी मला एक सांगितलं ते मला आवडलं. ते म्हणाले, पू दिसला की मी आता तांदूळ बघत नाही, आधी दवाखान्यात पाठवतो, तांदूळ मागाहून बघतो.

दवाखान्यात गेलं की काय करायचं? एक, केसपेपर काढा आणि जपून ठेवा, दंडाची पावती ठेवता त्याच डब्यात. तारीख पडते त्याच्यावर. उद्या कोणी म्हणालं तुम्ही पोराला आणलंच नाही, तर कागद बोलतो. दोन, पोराचे कपडे काढून दाखवा आणि म्हणा, "हात लावून बघा." भांडायचं नाही, पण हलायचंही नाही. तीन, एकटी बाई गेली तर परत पाठवतात, म्हणून दोघी जा. आपल्या डोंगरी आदिवासी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारचाच नियम आहे. तिथे खरजेचं औषध आणि जांभळं औषध असायलाच हवं. संपलं म्हणाले तर केसपेपरवर तसं लिहून मागा. पुढच्या महिन्याच्या निवेदनात आपण कोणत्या केंद्रात कधी औषध नव्हतं त्याची यादी जोडणार आहोत. आपापल्या पाड्याची माहिती तुम्ही द्यायची आहे.

आज पाड्यामागे सहा बाटल्या औषध आणि दोन बाटल्या जांभळं औषध आणलं आहे. कमी आहे, मला माहीत आहे. मोठ्या पाड्यांनी आधी तान्ही पोरं असलेली घरं धरा, पण घर धरलं की घरातला एकही माणूस सोडू नका. नेणाऱ्याने वहीत पाड्याचं नाव, किती घरं, आणि कोणत्या दिवशी लावणार ते लिहायचं. दिवस लिहिल्याशिवाय बाटली मिळणार नाही, नाहीतर ती आढ्याला जाऊन बसेल.

आणि रात्री जे इथेच शाळेच्या खोलीत सगळ्यांबरोबर निजणार आहेत त्यांनी आता जेवायच्या आधी माझ्यासमोरून जायचं, बोटं पसरून. कार्यकर्त्यांनीसुद्धा. मी माझा हात पहिला दाखवते.